वाकलेला उंबरा : १९७२च्या एका मिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९७२ची मिनी ८५०. चार सिलिंडरांचं ८४८ सीसी इंजिन, दहा इंची चाकं, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मालक पन्नाशीतला, पेशाने हिशेबनीस. हाताने काम करायची हौस दांडगी, पण तोवर सायकल आणि पाण्याचा पंप यापलीकडे काही उघडलेलं नव्हतं. अकरा वर्षं एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली ही गाडी त्याने घेतली तेव्हा मी सोबत होतो. पुढे जे बिघडलं त्यात माझाही थोडा वाटा आहे. तो जिथे येतो तिथे सांगतो.

दुरुस्त करायला पहिली जुनी गाडी म्हणून मिनी घेणं चुकीचं नव्हतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५९मध्ये ती बाजारात आणली. तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याखालच्या ऑइलच्या भांड्यातच, म्हणजे सम्पमध्येच, घातला आणि तीन मीटरांहून जेमतेम लांब गाडीत चार माणसांची सोय केली. स्प्रिंगांच्या जागी अभियंता अलेक्स मोल्टन यांचे रबरी कोन आले. २०००पर्यंत उत्पादन चाललं, पन्नास लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. शिवाय घरच्या गॅरेजात ठेवूनही तिच्याभोवती फिरायला जागा उरते. हा फायदा मोठी गाडी घेतलेल्यांनाच नीट कळतो.

मिनीला वेगळी चासी नाही. इंजिन आणि पुढची चाकं एका सबफ्रेमवर, म्हणजे बोल्टांनी बसणाऱ्या पोलादी चौकटीवर, मागची चाकं दुसऱ्या सबफ्रेमवर, आणि या दोन्हींना एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवतो तो पत्र्याचा सांगाडा. त्या सांगाड्यात दाराखालच्या पोकळ पेटीवर, म्हणजे सिलवर, फार मोठी मदार असते. मी तिला उंबराच म्हणतो. या प्रकरणात जे काही झालं ते या उंबऱ्यापाशी झालं.

अडचण कशी उभी राहिली

खरेदीच्या दिवशी डब्यातलं ताजं पेट्रोल आणि नवी बॅटरी लावल्यावर इंजिन चौथ्या प्रयत्नात सुरू झालं. इंजिन सुरू झालं की माणसाची नजर गंजावरून उडते. आमचीही उडाली. दारं छान लागत होती, फटी सारख्या होत्या, रंग फिका पण अखंड होता.

घरी आणून खाली शिरल्यावर चित्र बदललं. मूळ उंबरापट्टी तळाच्या पत्र्याच्या कडेपाशीच संपते. इथे ती कडेच्या बरीच आतपर्यंत गेलेली होती. म्हणजे कुणीतरी कुजलेला उंबरा न काढता त्यावर रुंद पट्टी चढवून वेल्डिंग केलं होतं, आणि आत अडकलेल्या ओलाव्याने उरलेला पत्रा खाल्ला होता. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. बॅटरीची पेटी डिकीच्या तळात असते, तिचा बूडच नव्हता. मागची सबफ्रेम हातोडीच्या हलक्या ठोक्याने ठणठण न वाजता भदभद वाजत होती.

इथे पहिला निर्णय आला. गाडी चालती ठेवून एकेक भाग दुरुस्त करायचा, की सगळी उघडायची? मालकाने पाच दिवसांची रजा टाकली आणि सगळी उघडली. इंजिन, मागची सबफ्रेम, दारं, काचा, वायरिंग, सीट. पाचव्या दिवशी संध्याकाळी फोटो पाठवला तेव्हा रिकामा सांगाडा चार स्टँडवर उभा होता आणि भिंतीलगत अठरा खोकी होती. नट-बोल्ट सगळे एकाच बादलीत. मी उत्तरात "झकास" असं लिहिलं. तेव्हा थांबवायला हवं होतं.

दुसरा निर्णय त्याने एकट्याने घेतला, तोही घाईत. वेल्डिंगचा छोटा वर्ग त्याने नुकताच केला होता आणि हात खरंच बरा बसला होता. ग्राइंडर घेऊन त्याने दोन्ही बाजूंचे उंबरे एकाच आठवड्यात कापून काढले, आतल्या पत्र्याच्या खालच्या अर्ध्यासकट. दाराच्या पोकळीत आडवी नळी टाकून ती आधी बांधून घेतली नाही. दारं बिजागरीवर नव्हतीच. सांगाड्याचे स्टँड दोन पुढे आणि दोन अगदी मागे होते, मधला भाग अधांतरी.

काय होणार ते उघड आहे. दोन टोकांना टेकलेली फळी मधून पातळ केली की मध्ये वाकते. तळ मधल्या भागात काही मिलिमीटर खाली उतरला, छप्पर तसंच राहिलं, आणि दाराच्या पोकळीचा वरचा भाग आकसून खालचा फाकला. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. त्याने त्याच अवस्थेत नवे उंबरे बसवले, आधी सुबक टाके, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारले, मग पूर्ण वेल्डिंग केलं, प्रायमर मारला. वेल्डिंग चांगलं होतं हीच या प्रकरणातली चिडवणारी गोष्ट आहे. वाकलेला सांगाडा त्याने मजबूत करून ठेवला.

चार महिन्यांनी दारं चढवली तेव्हा उजवं दार वर मागच्या खांबावर घासत होतं आणि खाली नऊ मिलिमीटरची फट होती. डावीकडे दोष होता, पण निम्मा.

मोजमाप

एका परिचित डेंटरने सांगितलं, "दाराची कड थोडी घासा, बिजागरीखाली वॉशर टाका, खाली पुट्टी भरा. कुणाला कळणार नाही." दारापुरतं बोलायचं तर त्याचं बरोबर होतं. पण दार घासतंय हे लक्षण होतं. सांगाडा वाकला असेल तर सबफ्रेमची भोकंही सरकली असणार, आणि तिथे पुट्टी चालत नाही.

ते तपासायला महागडं काही लागलं नाही. ओळंबा, खडू आणि पोलादी टेप. सांगाडा समतल केला, पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमच्या प्रत्येक जोडणीच्या भोकातून ओळंबा सोडला, फरशीवर खुणा केल्या आणि कर्ण मोजले. पुढचा डावा ते मागचा उजवा, पुढचा उजवा ते मागचा डावा. फरक पाच मिलिमीटर. तेवढ्यावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत राहत नाहीत, गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते आणि टायर एका बाजूने झिजतात.

त्या संध्याकाळी मालकाने गॅरेजचं दार ओढून घेतलं ते चौदा महिने उघडलं नाही.

थांबलेले चौदा महिने

याबद्दल लोक लिहीत नाहीत, म्हणून थोडं लिहितो. अर्धवट सोडलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात. पैसा संपला म्हणून थांबलेल्या त्यांत थोड्या. जास्त गाड्या थांबतात त्या पुढचं पाऊल कुठलं हे न कळल्यामुळे, किंवा ते पाऊल म्हणजे स्वतःचीच चूक कापून काढणं असल्यामुळे. या गॅरेजात तर दोन्ही कारणं होती. जिकडे बघावं तिकडे उघडलेली गाडी. पूर्ण झालेली, हातात धरता येईल अशी एकही वस्तू नाही.

शेवटी कोंडी फुटली ती कार्बोरेटरमुळे. मी त्याच्याकडे गेलो आणि गाडीचा एसयू बनावटीचा कार्बोरेटर खोक्यातून काढून घरात टेबलावर ठेवला. दोन संध्याकाळी लागल्या. पिस्टन आणि त्याची पोकळी स्वच्छ केली, नवी सुई, नवं जेट, डॅम्परमध्ये ऑइल. पिस्टन बोटाने उचलून सोडला की 'टक्' आवाज करत खाली बसू लागला. गाडीसाठी त्याचा त्या क्षणी काही उपयोग नव्हता. पण आठवड्याने त्याचा फोन आला, "अरे, उंबऱ्याचं बघायचं का?"

समोरचे पर्याय

चार पर्याय कागदावर मांडले.

गाडी खोक्यांसकट विकणं. उघडलेली गाडी कवडीमोलाने जाते आणि घेणाराही बहुतेक वेळा तिचे भागच विकतो. मालकाला हे नको होतं, एवढ्यावर हा पर्याय संपला.

नवा सांगाडा घेणं. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मिनीचे नवे सांगाडे बनवते, त्यामुळे हे शक्य होतं आणि सगळ्यात कमी कष्टाचं होतं. पण मग १९७२च्या गाडीचं काय उरतं? इंजिन, दारं आणि नंबराची पट्टी. अनेक देशांत सांगाडा बदलला की नोंदणीचे प्रश्नही उभे राहतात. माझं मत या पर्यायाच्या बाजूने झुकलं होतं हे कबूल करतो. मालक म्हणाला, "मग मी गाडी दुरुस्त केली असं कुठल्या तोंडाने सांगू?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरा, सांगाडा थेट जिग, म्हणजे अचूक मापाला पक्का धरणारा साचा, असलेल्या कार्यशाळेत देऊन सगळं त्यांच्याकडूनच करून घेणं. काम पक्कं झालं असतं. खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला असता.

चौथा, आपलंच वेल्डिंग कापायचं, सांगाडा मोजून सरळ करायचा, पुन्हा जोडायचं. धोका असा की दुसऱ्यांदा बिघडलं तर पत्राच उरत नाही.

निवडला चौथा, पण तिसऱ्याचा एक तुकडा घेऊन: सरळ करणं घरी, आणि पूर्ण वेल्डिंगच्या आधी जिगवर तपासणी बाहेर. त्यामुळे चूक राहिलीच तर ती नुसत्या टाक्यांच्या अवस्थेत सापडणार होती.

काय केलं

आधी सांगाड्याचा आधार बदलला. नवी मागची सबफ्रेम आणि जुनी पुढची सबफ्रेम बोल्टांनी कसून बसवली आणि सांगाडा त्यांच्यावर उभा केला. नवी सबफ्रेम कारखान्याच्या मापाची असते, त्यामुळे तिची भोकं हीच मापपट्टी होते. मागच्या जोडणीचा बोल्ट हाताने आत जात नसेल तर दोष सांगाड्यात आहे. उजवीकडचा जात नव्हता.

मग दारं चढवली आणि ती शेवटपर्यंत उतरवली नाहीत. दाराच्या पोकळीत बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करायचा आटा) लावलेली नळी, आणि डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी एक आडवी नळी. दार लागेल अशा बेताने नळ्या आतल्या बाजूला.

बाजू एकच घ्यायची, हा नियम. उजव्या उंबऱ्याच्या वेल्डिंगचे बिंदू ड्रिलने काढले, पट्टी मोकळी केली. मधल्या आडव्या पट्टीखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला आणि पाव फेरा, मग दाराची फट, पाव फेरा, मग फट. वरची फट उघडू लागली तेव्हा मालक श्वास रोखून होता. मी फरशीवर आडवा पडून ओळंबा बघत होतो. सांगाडा सोडल्यावर थोडा परत जातो, म्हणून हवं त्यापेक्षा किंचित पुढे नेऊन सोडावं लागतं. हे तिसऱ्या प्रयत्नात समजलं. दोन रविवार उजव्या बाजूला, एक डाव्या बाजूला गेला. कर्णांतला फरक पाचवरून दीड मिलिमीटरवर आला.

नुसते टाके मारून सांगाडा ट्रॉलीवर कार्यशाळेत नेला. तिथे जिगवर एक भोक सोडून सगळं बसलं. ते भोक त्यांनी भरून नव्याने पाडलं. घरी परतल्यावर पूर्ण वेल्डिंग, तेही तुकड्यातुकड्याने, पुढे थोडं, मागे थोडं, मध्ये गार होऊ देत. सलग रेघ ओढली की पातळ पत्रा उष्णतेने ओढला जातो. पेट्रोलची टाकी तर पहिल्या दिवसापासून गॅरेजबाहेर होती. जोडांवर सीलर, आणि रंगानंतर उंबऱ्याच्या पोकळीत मेण फवारलं. उंबऱ्याच्या तळाला पाणी निघायच्या खाचा असतात, त्या मेणाने बुजल्या नाहीत ना, हे तारेने तपासलं.

बादलीतल्या नट-बोल्टांनी मात्र सूड घेतला. मिनीवर बहुतेक आटे यूएनएफ, म्हणजे बारीक इंची मापाचे, असतात. आधीच्या कुणीतरी काही जागी ८ मिमीचे मेट्रिक बोल्ट ठोकले होते. ५/१६ इंची बोल्ट आणि हे दिसायला जवळजवळ सारखे, एक-दोन फेरे जातातही. मालकाने एक तसा जोर लावून घातला आणि पेटीच्या आत वेल्ड केलेला नट सोलून निघाला. त्या एका नटासाठी नवा पत्रा कापावा लागला. त्यानंतर दोन रात्री बसून बादली निवडली.

ब्रेकमध्ये तडजोड केली नाही. सगळे व्हील सिलिंडर, होज, पाइप आणि मास्टर सिलिंडर नवे. ड्रममधली जुनी धूळ फुंकली नाही की हवेने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं.

इंजिनाबद्दलचा निर्णय आणि माझी चूक

मालकाला इंजिनही पूर्ण उघडायचं होतं. मी अडवलं. टेबलावरच स्टार्टर आणि बॅटरी जोडून, चारही प्लग काढून, थ्रॉटल उघडा धरून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब, मोजलं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दहा टक्क्यांहून कमी फरक निघाला. चालतं इंजिन उघडायचं नाही, असं मी ठासून सांगितलं. बिनशिशाच्या पेट्रोलने एक्झॉस्ट वाल्व्हची सीट, म्हणजे वाल्व्ह टेकतो ती कड, झिजते हे खरं, पण त्यावर लक्ष ठेवता येतं: सीट झिजली की टॅपेटची फट, म्हणजे वाल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातलं अंतर, दर वेळी कमी भरते. ०.३० मिमीवर लावून ठेवायची आणि वहीत नोंद करायची. वहीचं काम हिशेबनिसाला सांगावं लागत नाही.

सल्ला बरोबर होता, पण मी तो इतक्या ठामपणे दिला की मालकाने इंजिनाला अजिबात हात लावला नाही. क्लचच्या बाजूचं प्रायमरी गिअरचं ऑइल सीलही जुनंच राहिलं. इंजिन टेबलावर असताना ते तासाभराचं काम होतं. गाडी रस्त्यावर आल्यावर ९०० किलोमीटरला क्लच घसरू लागला; सीलमधून झिरपलेलं ऑइल क्लच प्लेटवर. मग गाडीखाली झोपून, इंजिनाची एक बाजू जॅकवर तोलून, फ्लायव्हील ओढायचं खास पुलर मागून आणून ते करावं लागलं. फ्लायव्हील ओढण्याआधी पहिला आणि चौथा पिस्टन वर आणून फ्लायव्हीलची खाच आडवी ठेवावी लागते, नाहीतर मागची यू आकाराची वॉशर निसटून अडकते. एवढं मी वेळेवर सांगितलं, बस.

निष्पत्ती

एका वर्षात होईल म्हणून घेतलेली गाडी सव्वाचार वर्षांनी रस्त्यावर आली. आजवर २,६०० किलोमीटर झाले. सरळ चालते, टायर सारखे झिजतायत. पहिल्या मोठ्या पावसात बंद पडली, कारण प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर थेट पुढच्या जाळीमागे असतो आणि पाणी त्याच्यावरच येतं; त्याच्यापुढे प्लॅस्टिकचा पडदा लावला. इंजिन आणि गिअरबॉक्स एकच ऑइल वापरतात, गिअरचे दात ते लवकर थकवतात, म्हणून २०डब्ल्यू-५० ऑइल तो ५,००० किलोमीटरची वाट न पाहता वर्षाला बदलतो.

पुन्हा करायचं झालं तर

मालकाला विचारलं तर तो म्हणतो, पाच दिवसांची रजा काढली नसती. त्याचं म्हणणं मला पटतं, पण पूर्ण नाही. उंबरे, सबफ्रेम आणि बॅटरीची पेटी एवढं खराब असताना गाडी चालती ठेवून काम होत नव्हतं. उघडायचीच होती, पण मोजून. कापण्याआधी तासभर देऊन कर्ण आणि फटी कागदावर उतरवल्या असत्या तर नंतर 'मूळ माप काय होतं' हे अंदाजाने ठरवावं लागलं नसतं. आम्ही नवी सबफ्रेम हेच माप मानलं, ते जमलं. पुढच्या टोकाला मात्र तसा भरवशाचा पुरावा आमच्याकडे नव्हता.

दारं टाक्यांच्या वेळी चढवून बघितली असती तर चार महिने आणि पुढचे चौदा वाचले असते. हे करायला अर्धा तास लागतो. त्याला ते ठाऊकही होतं, वर्गात सांगितलं होतं. पण दारं खोक्यांच्या मागे होती, आणि खोकी हलवायचा कंटाळा आला होता. निदान त्याने तरी मला असंच सांगितलं.

नव्या सांगाड्याबद्दल आमचं अजून एकमत नाही. माझ्या मते आतला उंबरा, खांबाचा पाया आणि मागची आडवी भिंत असं तिन्ही कुजलेलं असेल तर नवा सांगाडाच घ्यावा. इथे खांब शाबूत होते म्हणून निभावलं.

डाव्या दाराची वरची मागची फट अजून दीड मिलिमीटर कमी आहे. आम्हा दोघांना ती दिसते, तिसऱ्या कुणी अजून बोट दाखवलेलं नाही. आता उजवं मागचं चाक वरून आत कललेलं दिसतंय. नवी सबफ्रेम बसवताना मागच्या चाकांना धरणारे आर्म जुनेच टाकले होते, आणि अकरा वर्षं उभ्या गाडीत त्यांना ग्रीस मिळालेलं नव्हतं. पुढच्या ऑइल बदलाला ते उघडायचे ठरलंय. दोन्ही एकदम नाही, आधी उजवा.